बंदरावर अडलेलं लग्न



हमीद दलवाईंच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहायचं म्हटलं की मुसलमान स्त्रीच्या लग्नाचा विषय ओघानंच येतो. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांना बरोबर घेऊन ते मुंबईत सरकारच्या दारी गेले. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, अशी त्या बायकांची मागणी होती. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्या सगळ्या पट्ट्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी समुद्र ओलांडत आले आहेत. कुणी बोटीवर खलाशी झालं, कुणी आफ्रिकेत गेलं, आणि १९७० नंतर घरटी एखादा तरी आखातात पोहोचला. लग्नाचा कायदा आणि परमुलखात गेलेला नवरा या गोष्टी आपण एरवी वेगवेगळ्या परिसंवादांत चर्चेला घेतो. त्या घरातल्या बाईच्या आयुष्यात मात्र त्या कधीच वेगळ्या नसतात. आज मी त्या एकत्र मांडणार आहे, आणि त्यासाठी मला दक्षिण आफ्रिकेत जावं लागणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राज्याने मुसलमान स्त्रीचं लग्न अमान्य केलं, म्हणून त्या लग्नातल्या अन्यायातून तिची सुटका होत नाही. सुटका नवऱ्याची होते, आणि ती सगळ्या देण्यातून होते. दक्षिण आफ्रिकेने हा प्रयोग जवळजवळ शंभर वर्षं चालवला, म्हणून तो आपण नीट पाहायला हवा.

१९१३ साल. हसन इसप नावाचे हिंदी गृहस्थ केप प्रांतात राहत होते. त्यांनी हिंदुस्थानात येऊन बाई मरियमशी निकाह केला होता, आणि पुढे तिला आफ्रिकेत न्यायला निघाले. स्थायिक हिंदी माणसाला बायको आणता येत असे, असा तोवरचा रिवाज होता. मरियमला मात्र अडवलं गेलं. प्रकरण केपच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करता येतात त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न या देशात लग्न म्हणून मान्य नाही, सबब बाई मरियम ही कायद्याने पत्नी नाही, असा तो निकाल होता. नवऱ्याला प्रत्यक्षात बायका किती, हा प्रश्नच तिथे नव्हता. दुसरी करण्याची मुभा धर्मात आहे, एवढ्यावरच पहिली बाद झाली.

हा निकाल हिंदू आणि पारशी लग्नांनाही लागू पडत होता, म्हणून सगळा हिंदी समाज पेटून उठला. गांधींनी तोवर स्त्रियांना सत्याग्रहात घेतलं नव्हतं. आता कस्तुरबा पुढे आल्या, आणि सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातल्या सोळा जणांच्या तुकडीतून सरहद्द ओलांडून तीन महिन्यांच्या तुरुंगवासाला गेल्या. तमिळ बायका खाणकामगारांना संपावर यायला सांगत फिरल्या. वल्लियम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी तुरुंगात आजारी पडली आणि सुटल्यावर काही दिवसांतच, फेब्रुवारी १९१४ मध्ये, वारली. या लढ्याचं मोल मी कमी करत नाही. पण ज्या लग्नावरून ठिणगी पडली त्या लग्नातली बाई आपल्या कथनातून फार लवकर नाहीशी होते. बाई मरियमचं नाव या सभागृहातल्या किती जणांनी आधी ऐकलं होतं?

१९१४ चा 'इंडियन्स रिलीफ अॅक्ट' आला. हिंदी मजुरांवरचा तीन पौंडांचा कर गेला आणि हिंदी लग्नांना एक वाट मिळाली. ती वाट एका बायकोपुरती होती. ज्याला एकच पत्नी आहे त्याने तसं नोंदवावं, म्हणजे ते लग्न ग्राह्य धरू. ज्यांनी नोंदवलं नाही, आणि ज्या बायका दुसऱ्या होत्या, त्या जिथल्या तिथे राहिल्या. तीनच वर्षांत, १९१७ मध्ये, सीदात नावाच्या मृत व्यापाऱ्याच्या मालमत्तेचा दावा अपील न्यायालयात आला. मुद्दा वारसा कराचा होता. विधवेला सवलत होती आणि परक्या माणसाला नव्हती. मुस्लिम रीतीने लग्न झालेल्या बाईला न्यायालयाने विधवा मानलं नाही. संसार करून नवऱ्यामागे उरलेली बाई कराच्या कागदावर परकी ठरली.

आता कोकणाकडे वळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केपटाऊनमध्ये गेलेल्या हिंदी लोकांत रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान लक्षणीय होते. आफ्रिकेतला हिंदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाताळ प्रांतातल्या उसाच्या मळ्यातला गिरमिटिया मजूर येतो, नाहीतर गुजराती व्यापारी. केपटाऊनचा कोकणी माणूस बहुधा यांपैकी कुणीच नव्हता. तो दुकानात नोकर असे, फेरीवाला असे, मजुरी करे. इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी तिथल्या पुराभिलेखागारातल्या परवान्यांच्या फायली वाचून या माणसांवर जे लिहिलं आहे, ते प्रत्येक कोकणी वाचकाने वाचावं असं आहे. त्यांचा एक सबंध अभ्यास या दुभंगलेल्या संसारांवरच आहे. नवरा केपटाऊनला, बायको गावी.

त्या परवान्याकडे जरा जवळून पाहू. केपच्या १९०६ च्या कायद्यानंतर घरी जाऊन यायचं तर परवाना काढावा लागे. त्यावर माणसाचा फोटो आणि बोटांचे ठसे असत, आणि परत येण्याची मुदत लिहिलेली असे. मुदत टळली की परतीचा हक्क गेला. म्हणजे माणूस गावी आला, त्याने लग्न केलं, घर शाकारलं, आई आजारी म्हणून चार महिने थांबला, की तिकडची रोजी बुडाली. बायको-मुलांना न्यायचं तर ती त्याचीच आहेत असा हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्याचा दाखला हवा. बोटीचं भाडं हवं. आणि केपटाऊनच्या मजुरीत भाड्याची खोली परवडायला हवी. बहुतेकांनी नाही नेलं. काही वर्षांनी यायचं, राहायचं, पुन्हा जायचं, असंच आयुष्य गेलं. काहींनी तिकडे दुसरा संसार मांडला. केपचे मलायी मुसलमान शाफई पंथाचे आणि आपले कोकणीही शाफई, तेव्हा निकाहात पंथाचा अडसर नव्हता. १९५३ मध्ये गोऱ्या सरकारने हिंदुस्थानातून पत्नी आणण्याचा उरलासुरला हक्कही मोडीत काढला.

इथे कुणी म्हणेल, बहुपत्नीत्वाच्या विरोधात राज्य इतकं ठाम उभं राहिलं, हे चांगलंच नाही का? मी या प्रश्नाशी पुष्कळ काळ झगडलो आहे, कारण बहुपत्नीत्व मला मान्य नाही आणि दलवाईंनाही नव्हतं. पण काय झालं ते पाहा. पुरुषाने केपमध्ये दुसरा निकाह केला तर राज्याच्या लेखी त्याचं पहिलं लग्नच नव्हतं, मग द्विविवाहाचा गुन्हा कशाचा? अमान्यतेने बहुपत्नीत्व थांबलं नाही, उलट निर्धोक झालं. गावातली बायको दावा लावू शकत नव्हती आणि केपमधलीही लावू शकत नव्हती.

हे ग्रंथातून दिसत नाही. फिकहचं, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राचं, पुस्तक उघडलं तर नवऱ्याची कर्तव्यं दिसतात, सरकारी कायदा उघडला तर एकपत्नीत्वाचा आदर्श दिसतो. बाई दोन्हींच्या मध्ये कुठे पडते, हे बघायला न्यायालयाच्या बाकावर, काझीच्या ओसरीवर आणि तिच्या घरात जाऊन बसावं लागतं. मानवशास्त्राने या विषयात काही दिलं असेल तर ते हे बसणं. या वाटेने गेलेल्या दोन अभ्यासक स्त्रियांची नावं मी मुद्दाम घेतो.

पहिल्या झिबा मीर-हुसेनी. इराणी, केंब्रिजला शिकलेल्या. १९८० च्या दशकात त्यांनी तेहरानच्या कौटुंबिक न्यायालयांत आणि मग मोरोक्कोच्या न्यायालयांत बसून काम केलं. १९९३ मध्ये त्यांचं 'मॅरेज ऑन ट्रायल' आलं आणि १९९८ मध्ये किम लाँगिनोटो यांच्याबरोबर केलेला 'डिव्होर्स इराणियन स्टाइल' हा माहितीपट. त्यांना दिसलेली गोष्ट थोडक्यात अशी. इराणमध्ये मेहेरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम निकाहनाम्यात मोठी लिहितात, पण लग्नावेळी क्वचितच देतात. ती बाईने मागताक्षणी देणं लागतं. आता बाई न्यायालयात येते आणि मेहेर मागते. तिला बहुतेक वेळा पैसे नको असतात, घटस्फोट हवा असतो, किंवा मुलं हवी असतात. घटस्फोटाची किल्ली नवऱ्याच्या हातात आहे, पण मेहेरची तिच्या हातात आहे. मेहेर सोडते, मला मोकळी कर, असा सौदा न्यायाधीशासमोर चालतो. मोरोक्कोत मेहेरचा मोठा भाग लग्नातच दिला जातो, म्हणून तिथे तेच काम नफका म्हणजे थकलेला खर्च करतो. धर्म एकच, पुरुषाचा वरचष्मा दोन्हीकडे, पण बाईच्या हातातलं हत्यार जागेप्रमाणे बदलतं. कायदा तिच्यावर अन्याय करतो, आणि त्याच कायद्यातलं एखादं कलम घेऊन ती लढते. ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी असतात, आणि सुधारकाला दोन्ही ठाऊक हवीत.

दुसऱ्या अॅनेलीज मूर्स, डच मानवशास्त्रज्ञ. त्यांनी पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुस भागात काम केलं: शहरात, एका खेड्यात आणि बलाताच्या निर्वासित छावणीत. त्यांचा विषय स्त्री आणि मालमत्ता. कुराणाने मुलीला वारसा दिला आहे, भावाच्या निम्मा का होईना. मूर्स यांना दिसलं की भाऊ असलेल्या कितीतरी मुली तो घेतच नाहीत. अडाणीपणाने नव्हे. उद्या नवऱ्याने टाकलं तर पाठीशी भाऊच उभा राहणार, त्याच्याशी वाकडं कशाला, असा त्यामागे हिशेब असतो. याउलट मेहेरचं सोनं मात्र बाईचं स्वतःचं. आणि त्या सोन्याचं पुढे काय झालं, हे बायकांनीच त्यांना सांगितलं. ते विकून नवऱ्याच्या परदेशी जाण्याची सोय झाली, ते विकून घर बांधलं. घर मात्र नवऱ्याच्या नावावर. कोकणात आखाती व्हिसासाठी मोडलेल्या बांगड्यांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना नाब्लुस परकं वाटणार नाही. स्थलांतराचा खर्च बायकोच्या अंगावरून निघतो, आणि स्थलांतराची कमाई ज्या मालमत्तेत जिरते तिच्यावर तिचं नाव नसतं. त्या सोन्याच्या बदल्यात तिच्याजवळ उरतो एक करार. तो मानणारं न्यायालय जवळपास नसेल तर तेही गेलं.

दक्षिण आफ्रिकेत नेमकं तेच गेलं. १९८३ साली इस्माइल विरुद्ध इस्माइल हा खटला अपील न्यायालयात आला. मुस्लिम रीतीने लग्न झालेली, घटस्फोटित बाई. तिच्या मागण्या साध्या होत्या: थकलेला खर्च, बाकी राहिलेला मेहेर आणि दागिने. न्यायालय म्हणालं, हे लग्न बहुपत्नीत्वाला वाव देणारं म्हणून सार्वजनिक नीतीला धरून नाही, आणि ज्या कराराचा पायाच अनैतिक त्यातलं देणं आम्ही वसूल करून देणार नाही. समजा याच बाईने एखाद्या दुकानदाराला उसने पैसे दिले असते, तर न्यायालयाने बेलिफ पाठवून वसूल करून दिले असते. नवऱ्याकडची बाकी तेवढी नीतीच्या आड आली.

वर्णद्वेषी राजवट संपल्यावर चित्र पालटू लागलं, पण तेही तुकड्यातुकड्याने आणि दर खेपेला कुणा एका बाईच्या हट्टामुळे. १९९६ मध्ये केपच्या न्यायालयाने रायलंड विरुद्ध एड्रॉस खटल्यात पहिल्यांदा म्हटलं की मुस्लिम लग्नातल्या देण्याघेण्याकडे करार म्हणून पाहता येईल. लग्न एकपत्नीक असेल तर, ही अट होतीच. १९९९ मध्ये अपघातात नवरा गेलेल्या एका विधवेला भरपाई मिळाली. मग आला ज्युलेगा डॅनियल्स यांचा खटला. केपटाऊनच्या हॅनोव्हर पार्क वस्तीत राहणाऱ्या या बाईंचा १९७७ मध्ये निकाह झाला. १९९४ मध्ये नवरा मृत्युपत्र न करता वारला. मुख्य मालमत्ता म्हणजे राहतं घर, आणि ते नवऱ्याच्या नावावर. वारसाच्या कायद्यात 'हयात जोडीदार' असे शब्द होते, आणि निकाह म्हणजे सरकारी लग्न नव्हे, तेव्हा तुम्ही जोडीदार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. सतरा वर्षांचा संसार होता. प्रकरण तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि २००४ मध्ये निकाल लागला, की 'जोडीदार' या साध्या शब्दात या बाई बसतातच. त्यांना बाहेर ठेवणारा अर्थ लावला गेला तो वंशभेदाच्या सवयीने. मला या निकालाचं मोठं मोल वाटतं. सर्ल यांच्यानंतर नव्वद वर्षांनी एका न्यायालयाने कायद्याचा मजकूर तोच ठेवून बाईकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. २००९ मध्ये हसम विरुद्ध जेकब्स खटल्यात हाच न्याय एकाहून अधिक विधवांना मिळाला.

इथे माझ्यातल्या सुधारकाला ठेच लागते. दुसऱ्या विधवेला वारसा देणं म्हणजे बहुपत्नीत्वाला मान्यता नव्हे का? मला वाटतं, नव्हे. मेलेल्या पुरुषाने केलेल्या दोन लग्नांची शिक्षा जिवंत बाईला देऊन एकही तिसरं लग्न थांबत नाही. पुरुष दुसरा निकाह करताना त्याला अडवा, पहिलीच्या देण्याची तजवीज केल्याशिवाय करू देऊ नका, पूर्ण बंदी घाला, यातलं काहीही करा. पण तो गेल्यावर त्याच्या बाईला दाराबाहेर काढू नका.

२८ जून २०२२ रोजी घटनात्मक न्यायालयाने विवाह आणि घटस्फोटाच्या कायद्यांतून मुस्लिम लग्न वगळणं घटनाबाह्य ठरवलं. हा दावा 'विमेन्स लीगल सेंटर' या स्त्रियांच्या संस्थेने चालवला होता. मुस्लिम विवाहांसाठी वेगळ्या विधेयकाचा मसुदा विधी आयोगाने २००३ मध्येच दिला होता. तो उलेमांच्या आणि इतरांच्या वादांत पडून राहिला. शेवटी मे २०२४ मध्ये घटस्फोटाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मुस्लिम लग्न त्यात आलं.

आता आपल्या घरी येऊ. भारतात मुसलमानांचं लग्न कधी अमान्य नव्हतं, हे आपलं भाग्य आपण लक्षात ठेवत नाही. आणि आपल्याकडेही एक कायदा असा आहे जो परागंदा नवऱ्याच्या बायकोचं दुःख ओळखतो. १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा. हनफी मतानुसार बेपत्ता माणसाच्या बायकोने त्याच्या वयाची माणसं मरून जाण्याइतकं थांबायचं होतं, म्हणजे जन्मभर. मोकळं होण्यासाठी पंजाबात बायका धर्म सोडू लागल्या. तेव्हा देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी हिजाजमधल्या मालिकी मुफ्तींना पत्रं लिहून त्यांची मतं मागवली आणि ती आपल्या ग्रंथात घेतली. त्यातून या कायद्याची वाट निघाली. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नाही, दोन वर्षं खर्च दिला नाही, तीन वर्षं वाजवी कारणाशिवाय संसाराची कर्तव्यं पाळली नाहीत, या कारणांवर बाईला न्यायालयातून सुटका मागता येते. थानवी काही स्त्रीमुक्तीवादी नव्हते. पण बायकांनी आपल्या पायांनी धर्माबाहेर चालून जाऊन त्यांना उत्तर शोधायला लावलं.

आज आखातातला नवरा बेपत्ता नसतो. तो रोज व्हिडिओ कॉलवर दिसतो. प्रश्न वेगळे आहेत. बायकोला न्यायला लागणाऱ्या पगाराच्या अटीत तो बसत नाही. पैसे येतात, पण कुणाच्या खात्यात? अभ्यासक लीला गुलाटी यांनी केरळातल्या आखाती घरांवर लिहिताना दाखवलं की जिथे पैसे थेट बायकोच्या हातात येतात तिथे ती बँकेत जायला शिकते, घराचे निर्णय घेऊ लागते. सासऱ्याच्या किंवा दिराच्या खात्यात येतात तिथे तीच बाई साबणासाठीही हात पसरते. आणि संसार बिघडला तर समन्स बजावायचं कुठल्या पत्त्यावर? कामगारांच्या छावणीच्या? कंपनीच्या? इथल्या न्यायालयाने पोटगी ठरवली तरी तिकडच्या पगारातून ती कापून कोण पाठवणार?

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला, तेव्हा १९६६ च्या त्या सात बायकांची आठवण येऊन मला भरून आलं होतं. २०१९ च्या कायद्याने तसा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. हेतूबद्दल मी बोलत नाही. पण नवरा मस्कतला असेल तर अटकेच्या भीतीने तो गावी यायचंच टाळेल, आणि इथे असेल तर तुरुंगातून पोटगी कशी देईल? ही शंका बायकांबरोबर काम करणाऱ्या अनेकांनी तेव्हाच मांडली होती. दलवाईंना समान नागरी कायदा हवा होता, आणि मलाही सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखे हक्क देणारा कायदा हवा आहे. तो करणाऱ्यांनी सर्ल यांचा निकाल आणि डॅनियल्स यांचा निकाल शेजारीशेजारी ठेवून वाचावेत, एवढी माझी विनंती आहे. नव्या कायद्याच्या चौकटीत न बसणारी लग्नं होतच राहतील. त्या लग्नांतल्या बाईला मेहेर, खर्च, राहतं घर आणि वारसा मागता येईल की नाही, हे पहिल्या मसुद्यातच लिहिलेलं असलं पाहिजे.

काही कामं तर कायद्यासाठी थांबण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा सर्वांना लागू आहे; परदेशी नोकरी असलेल्या मुलाच्या निकाहाची नोंदणी जमातीने त्याच आठवड्यात करून घ्यावी. निकाहनाम्यात अटी घालायला शरियतची आडकाठी नाही. पैसे पत्नीच्या खात्यात येतील, अमुक महिने आले नाहीत तर तिला स्वतःहून तलाक घेण्याचा अधिकार राहील, अशी अट लिहिता येते. मेहेरची रक्कम मुलाच्या आखातातल्या पगाराला शोभेल अशी ठरवता येते.

आणि एक काम विद्यापीठांचं आहे. केपटाऊनच्या फायलींत आपली माणसं फोटोंसकट सापडली, पण गावात मागे राहिलेल्या बायकांची फाईल कुठल्याच सरकारने केली नाही. जमातीच्या दफ्तरांत निकाहाच्या नोंदी आहेत, जिल्हा न्यायालयांत १९३९ च्या कायद्याखालचे दावे आहेत, आणि १९७० च्या दशकात ज्यांचे नवरे पहिल्यांदा आखातात गेले त्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. रत्नागिरी आणि रायगडमधल्या महाविद्यालयांतून मुली निवडा. कोकणी बोली येणाऱ्या मुली निवडा, कारण या गोष्टी प्रमाण मराठीत किंवा उर्दूत सांगितल्या जाणार नाहीत. त्यांना दोन वर्षांचं वेतन द्या आणि मेहेर किती ठरला, किती मिळाला, सोनं कधी मोडलं, घर कुणाच्या नावावर आहे, हे विचारायला पाठवा. या व्याख्यानमालेच्या निधीतून अशा एका जरी मुलीचा खर्च निघाला, तरी ते काम येत्या जूनपासून सुरू होऊ शकेल.